आठ नंबरची डावी चप्पल

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि चेनवालीच्या मांडीवर दिवसातली चौथी बॅग होती. बस स्टँडच्या मागच्या भिंतीला लागून पादचारी पुलाचा लोखंडी जिना आहे, त्या जिन्याखाली तिची जागा. खाली पोतं, पोत्यावर चपटी झालेली उशी, समोर पत्र्याचा डबा. डब्यात पक्कड, आरी, मेण लावलेला दोरा आणि निरनिराळ्या मापांचे रनर. चेन उघडता-लावताना जो पुढेमागे सरकतो तो रनर. लोक येतात ते बॅग गेली म्हणून हळहळत येतात. बॅगेला बहुतेक वेळा काही झालेलं नसतं. रनर सैल पडलेला असतो, पकडीने दोन्ही अंगांनी दाबला की चेन पुन्हा मुकाट्याने दात मिटते. नाहीच ऐकलं तर रनर बदलायचा. हे ती बॅगांच्या कारखान्यात शिकली. कारखाना बंद पडला तेव्हा मालकाने बायकांना उरलेला माल वाटला. तिच्या वाट्याला रनरचा खोका आला. बाकीच्या जणी नशिबाला बोल लावत घरी गेल्या. ही खोका घेऊन इथे येऊन बसली.

टेकडीवरच्या देवस्थानाचा उत्सव दुसऱ्या दिवशी सुरू व्हायचा होता. आदल्या दिवसापासून गाड्या येत होत्या. दर्शनाच्या रांगेचं शेपूट टेकडीच्या पायथ्यावरून वळत वळत स्टँडपर्यंत आलं होतं आणि चहाच्या टपरीला वळसा घालून उभं होतं. टपरी चेनवालीच्या थोरल्या नणंदेची.

चेनवालीला गर्दी दिसते ती गुडघ्यांपर्यंत. वर बघायला मान उचलावी लागते, आणि मान उचलली की आरी बोटात जाते. त्यामुळे माणसं तिच्या लक्षात राहतात ती पायांवरून आणि हातांवरून. मात्र कान सगळीकडे. गिऱ्हाईक बॅग टेकवतं न टेकवतं तोच ती विचारते, "वर जाऊन काय मागणार?"

हा प्रश्न ती वर्षानुवर्षं विचारत आली आहे आणि सरळ उत्तर तिला क्वचितच मिळालं आहे. नवरा सांगतो बायको काय मागणार ते. बायको सांगते सासऱ्यांचं. स्वतःसाठी कुणी काही मागत नाही, आणि तरी जिन्यापासून टेकडीपर्यंत मागणाऱ्यांची रांग लागलेली असते. याहून मोठं कोडं तिला दुसरंच पडलेलं होतं. जाताना हीच माणसं एकमेकांच्या पायावर पाय देतात, रांगेत घुसलं म्हणून बाह्या सरसावतात. उतरताना मात्र एकमेकांच्या बॅगा धरून उतरतात. मध्ये काय होतं? टेकडीवर ती एरवी अनेकदा गेली होती, पण उत्सवात कधीच नाही. उत्सव म्हणजे धंद्याचे दिवस.

"उतार असतो गं," वन्सं म्हणायच्या. "उतारावर माणसाचा स्वभाव सुधारतो. चढावर सगळेच चिडके."

"तुमचा स्वभाव सपाटीवरही तसाच आहे, वन्सं."

"म्हणून तर चहा खपतो. लोक घाबरून घेतात."

चेनवालीची पावती द्यायची रीत वेगळी होती. टेकडी अनवाणी चढायची असते. तेव्हा बॅग ठेवून जाणाऱ्याने डावी चप्पल तिच्याकडे द्यायची, उजवी स्वतःकडे ठेवायची. डावी ती बॅगेच्या पट्ट्याला दोऱ्याने बांधते. परत आल्यावर उजवी दाखवायची, जोडी जुळली की बॅग मिळाली. कागद भिजतो, हरवतो. चप्पल सहसा कुणी हरवत नाही, आणि एक चप्पल चोरावी असं चोरालाही वाटत नाही. इतक्या वर्षांत एकदाही घोळ झाला नव्हता.

त्या सकाळी सातच्या सुमारास एका मोठ्या मंडळाच्या बस आल्या. सगळ्यांच्या पाठीवर सारख्या पिवळ्या बॅगा. कुणा व्यापाऱ्याने फुकट वाटलेल्या, त्यामुळे चेनसुद्धा फुकटातलीच. अर्ध्या तासात जिन्याखाली पिवळा ढीग झाला. आणि त्याच व्यापाऱ्याने सगळ्यांना निळ्या चपलाही वाटल्या होत्या. एकाच रंगाच्या, एकाच साच्यातल्या. तिसरी निळी चप्पल हातात आली तेव्हाच चेनवाली सावध झाली. प्रत्येक चप्पल उलटी करून ती तळाचा नंबर बघू लागली. सहा, नऊ, सात. मग आठ: एका उंच बाईची. पाय लांब, उजव्या अंगठ्याचं नख काळंनिळं. ठेच लागलेली दिसत होती.

"काय मागणार वर?"

"नवीन नख," बाई म्हणाली आणि हसत गेली.

त्यानंतर जो माणूस आला त्याने तोंडावर रुमाल धरला होता. बॅग ठेवली, डावी चप्पल काढून दिली, बोलला काहीच नाही.

"काय मागणार वर?"

मान हलली. म्हणजे काही नाही.

"असं कसं? इतक्या लांबून आलात आणि काहीच नाही? दात दुखतोय का?"

माणूस दचकला. रुमाल आणखी वर गेला.

"बरं, नका सांगू. घरच्यांसाठी? पोराच्या नोकरीसाठी? मौन आहे का? मौनातही खूण करता येते हो."

तो निघूनही गेला आणि चेनवालीच्या लक्षात आलं, बोलण्याच्या नादात आपण चप्पल बांधून टाकली. नंबर बघितलाच नाही. बघू मग, म्हणून ती पुढच्या बॅगेकडे वळली, आणि ते मग काही उगवलं नाही.

दहा वाजता उंच बाई उजवी चप्पल घेऊन आली, दर्शनाला जाताना बॅग बरोबर हवी म्हणून. आठ नंबर. ढिगात आठ नंबरची डावी हाताला लागली, बॅग दिली, बाई रांगेकडे गेली.

बाराला रुमालवाला आला. त्याचीही चप्पल आठ नंबरची निघाली. आठ नंबरची चप्पल बांधलेली उरलेली बॅग तिने त्याच्यापुढे ठेवली. त्याने उघडली. वर बायकी स्वेटर होता, त्याखाली केसांना लावायच्या तेलाची बाटली.

माणूस मटकन पोत्यावर बसला आणि तोंडावरचा रुमाल गळून पडला. वरचे पुढचे चार दात नव्हते.

"माझी कवळी," तो कुजबुजला. शब्दांमधून वारा जात होता. "साबणाच्या डबीत. बाजूच्या कप्प्यात."

हळूहळू सगळं बाहेर आलं. तो मंडळाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा, पहिल्या रांगेत. उद्याच्या मिरवणुकीत पहिला सूर त्याचा. थंडीत हे चार दात काढावे लागले. त्याने कुणाला कळू दिलं नाही. घरामागच्या गोठ्यात दार लावून, कवळी घालून ओठ नव्याने बसवले, तीन महिने खपून पूर्वीचा सूर आणला. बसमध्ये हिरडी ठणकायला लागली म्हणून रात्री कवळी काढली, आणि तालमीपर्यंत हिरडीला आराम मिळावा म्हणून सकाळी घातली नाही.

"मग बँडच्या मास्तरांना सांगा ना सरळ. वाजवता येतंय तर काय बिघडलं?"

"फुंकणाऱ्याचे दात गेले की मास्तर त्याच्या हातात झांजा देतात. ऐकूनही घेत नाहीत. क्लॅरिनेटवाल्याचं तेच झालं. वाजवून दाखवतो म्हणाला, तर म्हणाले, आज वाजवशील, मिरवणुकीत कवळी सुटली तर?" त्याने टेकडीकडे बघितलं. "चार वाजता तालीम आहे. मास्तर एकेकाला उभं करून ऐकतात. माझी बॅग नेलेली ती बाई उतरेल संध्याकाळी. आणि मागच्या वाटेने उतरली तर इकडे यायचीच नाही."

"तुम्ही जा ना वर मग. तुमच्याच मंडळाची आहे."

"रांगेत पावलापावलावर आमची माणसं आहेत. तोंड उघडलं की संपलं." मग हात जोडून म्हणाला, "ताई, कुणाला सांगू नका. एवढंच."

चेनवालीने सुटलेली चप्पल हातात घेतली, तळाचा आठ बघितला आणि उठली. चूक तिची होती, त्यात दुमत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर वर काय होतं ते बघायची संधीही आयती चालून आली होती.

"बसा इथे. पोत्यावरून हलू नका. कुणी आलं तर बॅग ठेवून घ्या, चप्पल उलटी करून बघा आणि तोंड बंद ठेवा. ते तुम्हाला जमतंच आहे."

उंच बाईची पिवळी बॅग खांद्याला लावून, स्वतःच्या वहाणा उशीखाली सरकवून ती निघाली. टपरीतून आवाज आला, "अगं, भर धंद्यात कुठे? आणि हा कोण बसवलायस?"

"आले, वन्सं. याला एक चहा द्या. बोलायला लावू नका."

"का? मुका आहे?"

"संध्याकाळपर्यंत."

टेकडीच्या पायऱ्यांच्या एका बाजूने रांग आणि दुसऱ्या बाजूने उतरणाऱ्यांची वाट, मध्ये लोखंडी कठडा. चेनवाली उतरणाऱ्यांच्या वाटेने वर निघाली, खाली बघत. हजारो अनवाणी पाय. भेगा पडलेले, पट्टी बांधलेले, नखं रंगवलेले, मोज्यांचे वळ उमटलेले. पहिल्या वळणावर स्वयंसेवकाने हात आडवा केला.

"ताई, दर्शन रांगेतून."

"मला दर्शन नकोय. पाय बघायचेत."

"कुणाचे?"

"सगळ्यांचे."

स्वयंसेवकाने हात खाली घेतला. "मग जा," तो म्हणाला. "इतक्या भाविक बाईला कोण अडवणार?"

खालच्या टप्प्यात रांग सरकत होती आणि म्हणून भांडत होती. एक पायरी पुढे मिळाली की ती कुणाची यावर वाद. "काका, ढकलू नका." "मी नाही ढकलत, मागून येतंय." "मागून काय आपोआप येतंय?" जो तो समोरच्याच्या पाठीकडे बघत होता, जणू ती पाठ मुद्दाम आडवी आली होती. चेनवालीला हे सगळं खालून ऐकून पाठ होतं. तिला पुढचं हवं होतं.

पुढचं पाण्याच्या टाकीपाशी आलं. तिथे पायऱ्या अरुंद होतात आणि रांग अडते. सरकायला काहीच नसल्यामुळे भांडायलाही काही उरलेलं नव्हतं. माणसं पायऱ्यांवर बसली होती. समोर पाठ नव्हती म्हणून शेजारी बघत होती. शेजारी बघितलं की डबा दिसत होता, पोर दिसत होतं, सुजलेला गुडघा दिसत होता. पायथ्याशी मागच्यावर खेकसणाऱ्यांसारख्याच एका गृहस्थाच्या मांडीवर कुणाचं तरी बाळ झोपलेलं होतं आणि पाय बधिर झाला तरी तो हलत नव्हता.

"तुमचा नातू?" चेनवालीने विचारलं.

"छे हो. यांचं आहे," त्याने मागच्या जोडप्याकडे बोट दाखवलं. "नाव काय म्हणालात तुम्ही याचं?"

एवढंच होतं तर. चेनवाली थांबली. वर काही होत नव्हतं, या अडलेल्या जागी होत होतं. तिला थोडी निराशाच वाटली आणि थोडी मजाही. आणखी चार ठिकाणी विचारून खात्री करून घ्यावी, असं तिच्या मनात होतं. पण तेवढ्यात वरून हसण्याचा एक लोंढा पायरी-पायरीने खाली आला.

"काय झालं?" खालच्यांनी विचारलं.

"वर कुणाचे तरी दात सापडलेत!"

"दात?"

"कवळी! एका बाईच्या बॅगेत. बाई म्हणते माझी नाही."

चेनवाली पाय उचलून चालू लागली. बातमी तिच्या शेजारून खाली जात होती आणि जाता जाता अंग धरत होती. चार दातांचा अख्खा जबडा झाला. पुढच्या वळणावर त्यात एक सोन्याचा दात बसला. "अहो, देवाला वाहिलेले असतील." "केस वाहतात, दात कोण वाहतं?" "नवस कुणी कसलाही बोलतो. माझ्या साडूने सिगारेट वाहिली होती." "सोडली?" "सोडली. आता विडी ओढतो." कुणाला काही कळेना आणि सगळे हसत होते. दोन तास ताटकळलेली रांग एका साबणाच्या डबीने जागी केली होती.

टाकीच्या वरच्या कट्ट्याभोवती घोळका होता. चेनवालीने वाकून घोळक्याच्या पायांतून बघितलं. काळंनिळं नख. उंच बाई कट्ट्यावर बसली होती, हातात उघडी डबी, ती शक्य तितकी लांब धरलेली.

"मी साबण समजून काढली हो! हात धुवायला निघाले आणि बघते तर आतून कोणीतरी हसतंय माझ्याकडे."

"बॅग आपल्या मंडळाची, म्हणजे दातही आपल्या मंडळाचे," एक धिप्पाड माणूस म्हणाला. त्याच्या दंडावर बँडची पट्टी होती. मोठा ढोल त्याचाच असणार. "आणि हे पुढचे चार आहेत. आमच्या फुंकणाऱ्यांपैकी कुणाचे असले तर मास्तरांना कळायला हवं. आण इकडे, तालमीत नेऊन विचारतो."

त्याने हात पुढे केला. चेनवालीला विचार करायला जेवढा वेळ मिळाला तो पुरेसा नव्हता.

"माझ्या सासूबाईंचे आहेत," ती म्हणाली.

घोळका तिच्याकडे वळला.

"मी खाली चेनी दुरुस्त करते. बॅगा अदलाबदल झाल्या. ही घ्या तुमची, बाई, तुमचा स्वेटर आहे आत. आणि ही डबी माझ्या डब्याशेजारी होती, ती गडबडीत त्या बॅगेत गेली."

"सासूचे दात तुमच्याकडे कसे?" ढोलवाल्याने विचारलं. संशय नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. इतकी वर्षं प्रश्न विचारणं तिचं काम होतं. उत्तर देणं किती अवघड असतं ते तिला पहिल्यांदाच कळत होतं.

"सैल झालेत. दुरुस्तीला द्यायचेत."

"तोवर त्या जेवतात कशा?"

"पातळ."

"बोलतात?"

"कमी."

एक म्हातारी पायरीवरून ओरडली, "मग घाई कशाला करतेस गं? राहू दे चार दिवस!" आणि कट्ट्यावर हशा फुटला. उंच बाईने हसता हसता डबी मिटून चेनवालीच्या हातात ठेवली. ढोलवालाही हसला आणि हात मागे घेतला. ट्रम्पेटवाल्याची पिवळी बॅग खांद्याला अडकवून चेनवाली उतारावर पळत सुटली. मागून कुणीतरी विचारलं, "ताई, सुनेने सासूचे दात काढून घ्यायचे असतील तर कुठली तिथी चांगली?"

ती भराभर उतरत होती, पण बातमी तिच्यापेक्षा भराभर उतरली. रांगेला पाय हलवावे लागत नाहीत, नुसती मान वळवली की झालं. आणि रांगेचं शेपूट चहाच्या टपरीला वळसा घालून उभं होतं.

तीन वाजून गेले होते. वन्सं टपरीबाहेर उभ्या होत्या, हातात चहाचं गाळणं, चेहरा लाल.

"आईचे दात?" त्या म्हणाल्या. "माझ्या आईचे दात तू लपवलेस म्हणे? तिला पातळ घालतेस? सगळी रांग मला सांगतेय! माझी आई पंचाहत्तराव्या वर्षी अक्रोड फोडते दाताने, अक्रोड!"

"वन्सं, ऐका तरी."

"ऐकलंच की! टेकडीवरून खाली आलेलं सगळं ऐकलंय. कुणाची ती कवळी? बोल."

पोत्यावर बसलेल्या माणसाने रुमाल घट्ट धरला होता. त्याच्याशेजारी चहाचे तीन रिकामे पेले होते आणि पाच बॅगा, प्रत्येकीची चप्पल नीट उलटी करून बांधलेली. चेनवालीने त्याच्याकडे बघितलं नाही. पिवळी बॅग त्याच्यापुढे ठेवली, डबी बाजूच्या कप्प्यात होती.

"तुमचं काम झालं, दादा. निघा."

तो निघाला. दोन पावलं जाऊन वळला, काही बोलणार होता.

"बोलू नका," चेनवाली म्हणाली. "तालीम आहे ना?"

वन्संनी पाठमोऱ्या माणसाकडे बघितलं, पिवळ्या बॅगेकडे बघितलं. "कुणाची कवळी?" त्यांनी पुन्हा विचारलं, या वेळी हळू.

"सांगता येत नाही, वन्सं."

"तुला? सांगता येत नाही? जगाला खोदून खोदून विचारणारी तू!"

"म्हणून तर. मला कुणी सांगत नाही. एकाने सांगितलं."

वन्सं टपरीत गेल्या. चारचा चहा चेनवालीला न मागता मिळत असे. आज आला नाही. तिने पकडीने एक रनर दाबला, सोडला, परत दाबला. रांग इंचभर सरकली. शेपटाशी नवीन लोक येऊन उभे राहत होते आणि आपसांत विचारत होते की दातांचं काय प्रकरण आहे. वन्सं त्यांना कोरडेपणाने सांगत होत्या की प्रकरण खोटं आहे.

चार वाजून काही मिनिटांनी स्टँडमागच्या शाळेच्या मैदानातून एकेक वाद्य ऐकू यायला लागलं. आधी क्लॅरिनेट, अडखळत. त्या जागी आता नवा पोरगा होता. मग सॅक्सोफोन. मग काही वेळ काहीच नाही. चेनवालीचा हात थांबला. मग ट्रम्पेटचा एक लांब सूर निघाला, मध्ये किंचित फाटला, सावरला आणि वर जाऊन थांबला. मास्तरांचा आवाज आला, "पुन्हा." सूर पुन्हा निघाला. या वेळी फाटला नाही. "पुढचा," मास्तर म्हणाले आणि ढोल वाजला.

टपरीतल्या गाळण्याचा आवाज थांबला होता. थोड्या वेळाने एक पेला पोत्याच्या कडेला येऊन टेकला.  जाताना वन्सं एवढंच म्हणाल्या, "आईला उद्या इथे आणून बसवणार आहे. सगळ्यांसमोर. ज्याला मोजायचेत त्याने मोजावेत."

मिरवणूक उद्या सकाळी सात वाजता शाळेच्या मैदानातून निघून स्टँडसमोरून टेकडीकडे जाईल. बँड सर्वांत पुढे असेल. जिन्याखालची जागा सहापासून दहापर्यंत मोकळी ठेवायची आहे, तसा फलक पुलाला लागला आहे. चेनवालीचं पोतं त्यामुळे दहानंतर पसरेल. टपरी मात्र पाचलाच उघडेल, आणि टपरीसमोर एक खुर्ची असेल.